चतुराने शोधलेलं तळं

आटपाट डबकं होतं, पण त्या उन्हाळ्यात ते भराभर आटत चाललं होतं. बेडकांच्या सरपंच बायजाक्कांना घोर लागला. नवं पाणी शोधायला पाठवायचं कुणाला?

“चतुराला पाठवा,” सगळे बेडूक ओरडले. “नावातच सगळं आलं की!”

चतुर दिसायलाही रुबाबदार. लालभडक शेपटी, काचेसारखे चार पंख आणि डोक्यावर नुसते डोळेच डोळे. तो भिरभिरत गेला अन् लगेच परतला.

“काळंभोर तळं सापडलं! आरशासारखं चकचकीत. आमच्या हिने तर तिथे अंडीसुद्धा घातली.”

सगळं डबकं उड्या मारत निघालं. ते तळं म्हणजे रस्त्याकडेला उभी असलेली काळी मोटार होती. बायजाक्कांनी थेट टपावर उडी घेतली आणि त्यांचं पोट चांगलंच भाजलं.

“अरे, हे तर कोरडं आहे!”

“आक्का, चतुर मी की तुम्ही?”

बायजाक्कांनी बाकीच्या बेडकांनाही टपावर बोलावलं. नावापुढे कुणाचं काय चालणार?

तेवढ्यात मोटार सुरू झाली आणि सगळ्यांना घेऊन सुसाट निघाली.

“बघा!” चतुर वरून ओरडला. “वाहतं पाणी आहे!”

बायजाक्कांनी पोट चोळत मान डोलावली. “खरंच रे बाबा. मला मेलीला हे सुचलंच नसतं.”