मेलेल्या गिझरचा जबाब

फार पूर्वी, वस्तूंना बोलायची मुभा होती तेव्हा, प्रभुणे वकिलांचा गिझर भर आंघोळीत बंद पडला. वकील ओल्या अंगानेच, हातात टेस्टर घेऊन स्टुलावर चढले आणि त्यांनी झाकण उघडले. आतल्या काळोखातून गोड आवाज आला, "या साहेब, घाला हात. मी मेलोय."

बोट पुढे गेले, तसा दुसऱ्या हातातला टेस्टर शहारला. "साहेब, मेल्याचा पुरावा काय? त्याचाच जबाब? हात पुसा आणि आधी मला टेकवा!"

वकिलांनी चरफडत हात कोरडे केले आणि टेस्टर तारेला टेकवला. टेस्टरच्या पोटात लाल दिवा लागला. आत कुणीतरी चुकचुकले.

वकिलांनी मेन स्विच बंद केला. उरलेली आंघोळ त्यांनी गार पाण्याने उरकली, पण गिझरकडे पाठ करायची काही त्यांची हिंमत झाली नाही.