जकात नाक्यातला घोडा

शिडाच्या जहाजांच्या काळी इटलीतल्या एका बंदरात बेप्पा नावाची म्हातारी गाढवीण अंजिरं वाहत असे. तिथल्या सुभेदाराने फळांवर जकात बसवली आणि गरिबांच्या तोंडचं अंजीरही गेलं. अखेर एका सकाळी बाजारातल्या लोकांनी चिडून जकात नाका पेटवला. नाक्यामागच्या तबेल्यात तेव्हा दोघंच बांधलेली होती, जकातीपायी अडवलेली बेप्पा आणि सुभेदाराचा घोडा फाल्को.

बंड मोडल्यावर दोघांची हौदावर गाठ पडली.

फाल्को म्हणाला, "ती माणसं नव्हतीच, पिसाळलेला कळप होता. आमचे धनी तसंच सांगतात."

"त्याच कळपातली नुन्झिया कोळीण आत आली," बेप्पा म्हणाली. "तिनं माझ्या डोळ्यांवर ओली शाल टाकून मला बाहेर नेलं. लोक म्हणाले, 'घोडा सुभेदाराचा आहे, जळू दे.' ती म्हणाली, 'जकात त्यानं नाही बसवली,' आणि पुन्हा आत शिरली. तू धुरानं गुंगला होतास. तुझा दोर सोडताना तिचे हात भाजले. आता रोज तिची टोपली मीच वाहते."

फाल्कोने पाण्यातून तोंड वर काढलं.

दुसऱ्या दिवशी सुभेदाराची स्वारी मासळी बाजारातून निघाली. नुन्झियासमोर येताच फाल्को थांबला आणि त्याने मान खाली घातली. सुभेदाराने चाबूक ओढला, तरी तो हलेना. नुन्झियाने पट्ट्या बांधलेला हात हळूच त्याच्या कपाळावर ठेवला, तेव्हा कुठे त्याने पुढचं पाऊल टाकलं.