गोड तेवढं थुंकून टाक

"मग उद्या तोडायची ना?"

हर्षलने सकाळपासून हे तिसऱ्यांदा विचारलं.

झिया तेरेसा बागेच्या बांधावर बसून मोजा विणत होती. तिने मान वर केली नाही.

"तोड की. मी कुठे तुझा हात धरलाय?"

"तसं नाही. तुम्ही एकदा हो म्हणा."

"दिवस तू ठरवायचा असं ठरलंय. त्यात माझं हो कशाला?"

हर्षलचा दिवस काही ठरेना. मोजा मात्र एक बोट वाढला.

झिया म्हणजे इटालियन भाषेत मावशी. आख्खं गाव या बाईला झियाच म्हणे. वय चौऱ्याऐंशी. डोंगराच्या उतारावर तिची लहानशी बाग होती आणि बागेत एकाच जातीचं द्राक्ष, नेबियोलो. त्याची जी लाल वाइन होते तिला बारोलो म्हणतात. दुसरीकडे लोक चार जातींचे रस एकत्र करतात. एकाचा रंग कमी पडला की दुसऱ्याचा घेतात, एक आंबट निघालं की दुसरं गोड घालतात. बारोलोत तसं चालत नाही. एकच द्राक्ष. त्याचं काही बिघडलं तर सांभाळून घ्यायला दुसरं कोणी नाही. एकुलत्या एका लेकरासारखा जिवाला घोर.

हर्षल निफाडचा. त्याच्या घरी आजोबांपासून द्राक्षं. वाइन शिकायला म्हणून तो झियाकडे येऊन राहिला, त्याला दोन वर्षं झाली होती. काम चोख करायचा. पण द्राक्षातलं आपल्याला कुणी काही शिकवावं, हे काही त्याला पटत नव्हतं.

म्हणून झियाने वेलींना पालवी फुटली तेव्हाच सांगून टाकलं होतं.

"यंदा तोडणीचा दिवस तू सांगायचास. बरोबर सांगितलास तर एक पिंप तुझ्या नावाचं. चुकलास तर माझी वर्षाची वाइन गेली, आणि तू आपली बॅग भरायचीस."

तेव्हा तो हसला होता. आता ऑक्टोबर अर्धा सरला होता. आजूबाजूच्या सगळ्या बागा रिकाम्या झाल्या होत्या, आणि तीन दिवसांनी पाऊस येणार असं रेडिओ सांगत होता.

शेजारचा बेप्पे बांधावरून ओरडला, "काय रे हिंदुस्थानी, मनुके करून विकणार का?"

हर्षलचे कान तापले. त्याने खिशातून साखर मोजायचं यंत्र काढलं. मण्याचा रस त्यावर पिळला आणि उजेडाकडे धरून बघितलं.

"चोवीस! झिया, चोवीस भरली साखर. आमच्याकडे एवढी साखर आली तर बाग एक दिवस ठेवत नाहीत."

"खाऊन बघितलंस?"

"रोज खातो."

"आता खा."

त्याने एक मणी तोंडात टाकला. डोळे मिटले. चघळला. मग सवयीने बिया बाजूला थुंकल्या.

"साखर आहे नुसती."

झिया उठली. गुडघ्यावर हात ठेवून हळूहळू खाली वाकली आणि गवतात काहीतरी चाचपू लागली.

"काय शोधताय? मी देतो."

"तू टाकलंस ते."

"अहो, बिया आहेत त्या!"

"हो ना..."

तिने कंबर सरळ केली. वेलीचा एक मणी खुडला आणि त्याच्या हातावर ठेवला.

"आता गोड तेवढं थुंकून टाक. आणि थुंकतोस ते ठेव."

हर्षलला वाटलं, म्हातारी थट्टा करतेय. पण ती हसत नव्हती. त्याने मणी तोंडात घेतला, रस थुंकला, साल थुंकली. दोन बिया उरल्या. त्या दाढेखाली धरल्या आणि चावल्या.

त्याचं तोंड असं आवळलं, की जणू कच्चं केळं सालीसकट खाल्लंय. जीभ टाळूला चिकटली. डोळ्यांत पाणी आलं.

आता मात्र झिया हसली. इतकी हसली की विणायच्या सुया खाली पडल्या.

"हे... हे काय आहे?"

"द्राक्ष."

"आणि मघाचं गोड?"

"तेही."

हर्षल ओठ पुसत राहिला. वाइन करताना रसाबरोबर साल आणि बियासुद्धा दोन-तीन आठवडे भिजत पडतात, हे त्याला पाठ होतं. म्हणजे उद्या तोडलं असतं तर हा कडूपणा सगळ्या वाइनमध्ये उतरला असता. आणि झाकायला दुसरं द्राक्ष नाही.

"आमच्याकडे बी नसतेच," तो हळूच म्हणाला. "बिनबियांचीच जात लावतो. बी निघाली तर व्यापारी नाक मुरडतो."

झियाला फार आश्चर्य वाटलं.

"बाई गं! मग तुमची द्राक्षं बोलतात कशानं?"

हर्षलने जिभेवरचा कडूपणा थुंकून टाकला.

"मग कधी तोडू?"

"मला काय विचारतोस? त्या बीला विचार."

दुसऱ्या दिवसापासून हर्षल उजाडताच बागेत जायचा. वरच्या ओळीतली एक बी, मधल्या ओळीतली एक, खालच्या ओळीतली एक. तिन्ही चावायचा. तिन्ही कडू. तोंड वाकडं करून खाली यायचा. झिया खिडकीत बसलेली असायची. ती काही विचारायची नाही.

तिसऱ्या दिवशी पाऊस आला. तापाने फणफणलेल्या पोराच्या कपाळाला आई दर घटकेला हात लावते ना, तसा तो एकेक घड हाताने चाचपत हिंडला. कुठे मऊ पडलाय का, कुठे बुरशी आलीय का. स्वतःचा रेनकोट काढून त्याने एका वेलीवर घातला. एकाच वेलीवर. बाकीच्या हजार तशाच भिजत राहिल्या.

ओलाचिंब होऊन तो घरात आला.

"झिया, सडली तर?"

"तर सडली."

"तुम्हाला भीती नाही वाटत?"

"वाटते की. म्हणून तर मोजे विणते."

"किती जोड झाले?"

"बावन्न तोडण्या झाल्या. मोजे तेवढेच."

त्याला हसू आलं. त्या आठवड्यातलं पहिलं.

पाऊस गेला, धुकं आलं. तिकडे धुक्याला नेबिया म्हणतात, आणि धुक्यात पिकतं म्हणून हे नेबियोलो, असं लोक सांगतात. हर्षलला चार पावलांपुढचं दिसेना. तो हाताने वेली ओळखत वर चढायचा. पाचव्या दिवशी बी कडू. सहाव्या दिवशीही कडू. सातव्या दिवशी कडू होती, पण बोलू बोलू करत होती.

आठव्या दिवशी बी दाढेखाली कुट्‌कन वाजली.

तो थांबला. चव बघितली. तव्यावर भाजलेल्या शेंगदाण्याच्या सालीसारखी खरपूस. त्याने दुसरी चावली. कुट्‌. मधल्या ओळीत पळाला. कुट्‌. खालच्या ओळीत. कुट्‌, कुट्‌.

मग तो उतारावरून असा सुटला की दोनदा घसरून पडला. होतं नव्हतं ते सगळं इटालियन विसरला. धुक्यातून मराठीतच ओरडत आला.

"मावशी! झाली! अहो, बी झाली!"

झियाला मराठीतलं एक अक्षर कळत नव्हतं. तिने विणकाम ठेवलं, खिडकीतून डोकं बाहेर काढलं आणि शेजारी हाक मारली.

"बेप्पे! क्रेट घेऊन ये! आणि त्या आळशी जावयांनाही उठव!"

तासाभरात बाग माणसांनी भरली. बेप्पे तीन लेकी आणि तीन जावई घेऊन आला.

"मनुके तोडायला आलोय," तो म्हणाला.

"आधी बी चावून बघा काका," हर्षल म्हणाला.

बेप्पेने चावली. भुवया वर गेल्या. पहिला घड त्यानेच कापला.

दुपारी सगळे पालथ्या क्रेटवर बसून जेवले. पाव, चीज, भाजलेल्या मिरच्या. कुणी गाणं म्हटलं. हर्षलला ते येत नव्हतं, तरी तो सगळ्यांत मोठ्याने म्हणाला. बेप्पेच्या धाकट्या लेकीने कडेवरच्या बाळाला एक मणी दिला. बिया बोटाने काढूनच दिला, घशात अडकतात नाहीतर. बाळाची हनुवटी, झबलं, आईचा खांदा, सगळं लाल झालं. पण कुणी रागावलं नाही.

पुढे तीन आठवडे रस फसफसत राहिला. मग गाळून तळघरातल्या लाकडी पिंपांत भरला. भरून झाल्यावर झियाने हर्षलच्या हातात खडू दिला आणि कोपऱ्यातल्या पिंपाकडे बोट दाखवलं.

तो पिंपापाशी गेला. खडू टेकवला... आणि थांबला.

"झिया, एक विचारू? मी आठ दिवस बी चावत होतो. तुम्ही एकदाही चावली नाहीत."

झियाने तोंडात बोट घातलं. वरची कवळी काढली, खालची काढली, आणि दोन्ही तळहातावर ठेवून त्याला दाखवल्या. बोळक्या तोंडाने ती खुदखुदत होती.

"यांनी पाव चावता येतो. बी नाही."

"किती वर्षं झाली?"

"अकरा."

हर्षल पिंपाकडे बघत राहिला. ते चार वर्षांनी उघडायचं होतं.

"मग मी सांगितलेला दिवस बरोबर होता, हे तुम्हाला कसं कळलं?"

झियाने सावकाश कवळी बसवली. पदरासारख्या ओढलेल्या शालीने तोंड पुसलं.

"मला कुठे कळलंय?" ती म्हणाली. "लिही नाव."