बाबांची घोंगडी

एकोणीसशे चौऱ्याण्णव साल. माघी पौर्णिमेचा दुसरा दिवस.

“मग मी चुकले की नाही? तेवढंच सांगा.”

लोणकर बाबा मठाच्या ओट्यावर भिक्षेचं अन्न कालवत होते. भाकर, वरण, कुणाच्या घरची खीर, सगळं एकत्र. महानुभाव भिक्षूला चव निवडता येत नाही.

शालिनी ढोमणे समोर ताठ बसली होती. मारकुट्या घरातून लेकरं सोडवून बालगृहात आणायची, ही तिची नोकरी. मागच्या हिवाळ्यात गुंफा नावाची पोर तिनं अशीच आणली होती. वाटेत या मठापाशी पोर काकडली, तेव्हा बाबांनी अंगावरची घोंगडी काढून दिली होती.

दिवाळीनंतर बालकल्याण मंडळानं हुकूम काढला, पोर बापाकडे परत द्या. शालिनी भांडली. मग तिनंच नेऊन पोचवली.

महिन्याच्या आत बापानं पोरीचा हात मोडला. पोर पुन्हा बालगृहात आली. शालिनी तेव्हापासून तिच्यासमोर गेली नव्हती.

“हुकूम मोडला असता तर दुसऱ्या कुणी नेलं असतं. पाळला तर हे झालं. मला काहीच कळत नाही, बाबा. नोकरी सोडते आहे. तुमचं देणं तेवढं राहिलं होतं.”

तिनं पिशवीतून कोरी घोंगडी काढली.

बाबांनी हात लावला नाही.

“हे कोनाची?”

“तुमच्यासाठी आणली. चांगली आहे.”

“मी चांगली नाई देल्ली. जुनी देल्ली. मले तेच पाहिजे.”

“ती घोंगडी गुंफा सोडत नाही, बालगृहातल्या बायका सांगतात. झोपतानाही अंगावर असते.”

“मंग तिले माग.”

शालिनी संतापली. “हात मोडलेल्या पोरीच्या अंगावरची ओढून आणू?”

“ओढ म्हनलो का? माग म्हनलो.”

…

ती न जेवता उठली. नवी घोंगडी घेऊन गेली.

चौथ्या दिवशी दुपारी आली. काखेत जुनी घोंगडी होती.

“देल्ली?”

“आधी भिंतीकडे तोंड केलं. मी बसून राहिले. संध्याकाळ झाली… मग म्हणाली, बाबाला थंडी वाजते का? मी हो म्हटलं.”

“मंग?”

“स्वतःच घडी केली. एका हातानं. मला हात लावू दिला नाही. नवी पांघरली, पण माझ्याशी पुढं बोलली नाही. राग गेला की आहे, तेही कळलं नाही.”

“विचारलं?”

“…नाही.”

बाबांनी घोंगडी उलगडली, हुंगली. एक कोपरा अजून ओलसर होता.

“निजल्या जागी मुतते?”

“हो. परत आली तेव्हापासून.”

बाबा उठले. ओट्यासमोरच्या दोरीवर त्यांनी घोंगडी उन्हात पसरली आणि कोपरा हातानं सारखा केला.

“फिटलं तुहं,” ते म्हणाले. “वाळली का तिच्याकडे घेऊन जाय.”