जाळीवरचे धागे

"या औषधावरचे सगळे अभ्यास चांगलंच सांगतात, बाबा. आता आणखी काय बघायचं राहिलं?"

डॉक्टर निरगुडे म्हणजे शहरातले मोठे हृदयतज्ज्ञ. दारावरच्या पाटीत पदव्यांनी एवढी जागा खाल्लेली, की नाव बिचारं कोपऱ्यात अंग चोरून उभं. तरी स्वतःच्या मुलीला औषध सुरू करण्याआधी ते टेकडीवरच्या दर्ग्यात आले होते. मुक्ताचं हृदय थकत चाललं होतं. जुनी औषधं हरली होती. हे नवं, आणि शेवटचं.

दर्गा सांभाळणाऱ्या गफूरबाबांनी विडी पेटवली. ती सोडा, असं याच डॉक्टरांनी बजावलेलं होतं.

"सगळे म्हणजे?"

"छापून आलेले. एकूणएक वाचले, एकत्र मांडले. औषध लागू पडतं."

"एकानंही नाक मुरडलं नाही?"

"नाही."

"मग आमच्या पीरासारखंच झालं की! आत बघ, कबरीवर चादरींचा ढीग. मन्नत पुरी झाली, की माणूस चादर आणतो. ज्याची नाही झाली, तो कशाला येतोय मिरवायला?"

डॉक्टर हसले. दुसऱ्याच्या चादरींना हसणं सोपं असतं.

बाबा उठले. त्यांना मागच्या बाजूला घेऊन गेले.

तिथली जाळी काळी पडली होती. धाग्यावर धागा, कुजलेला, चिकटलेला. उजेड आत जात नव्हता.

"मन्नत मागताना बांधायचा. पुरी झाली की येऊन सोडायचा."

"मग हे..."

"हे बांधायला आले, सोडायला आले नाहीत."

"मेले?"

"काही मेले. काही बरे होऊन विसरले, माणूसच तो. धागा ते सांगत नाही. कुणीतरी आलं होतं, एवढंच सांगतो. चादरी तेवढंही सांगत नाहीत."

डॉक्टरांनी एक कुजलेला धागा बोटानं चाचपला.

"आमच्यातही आहे असं," ते हळूच म्हणाले. "औषधाची चाचणी सुरू करण्याआधी तिची नोंद करतात. नेटवर असते. कुणालाही बघता येते."

"तू बघितलीस?"

"छापलेले सगळे वाचले होते..."

"छापलेल्यावर भागलं, होय?"

डॉक्टरांनी तिथंच मोबाइल काढला. औषधाचं नाव टाकलं. कधी न ऐकलेल्या चाचण्या वर आल्या. एक केव्हाच संपलेली, निकाल दिलेला नाही. दुसरी, निकाल दिलेला नाही. तिसरी मध्येच थांबवलेली. कारणाची जागा कोरी.

"काय म्हणतायत?"

"काहीच नाही."

डॉक्टर धुळीतच बसले. पँटची कडक इस्त्री गेली.

"वाईटच असेल असं नाही, बाबा."

"नाही."

"चांगलं असेल असंही नाही."

"नाही."

"चाचण्या करणाऱ्यांना लिहून विचारतो. पण उत्तर यायला... मुक्ताकडं तेवढा वेळ नाही. उद्या सुरू करावंच लागेल."

बाबांनी कफनीच्या खिशातून लाल धागा काढला, पुढं केला.

"माझा विश्वास नाही असल्या गोष्टींवर."

"विश्वास कोण मागतंय? बांध. तू सोडायला आला नाहीस, तर पुढच्या बापाला दिसायला नको?"