तळवड्याच्या म्हशी

सोनगडच्या राजाने शेजारच्या राजाला दरसाल हजार घागरी तूप द्यायचा शब्द दिला, तो दिवाण त्र्यंबकपंतांच्या दफ्तरावर विसंबून. दफ्तरात एकट्या तळवडे गावाच्या म्हशी होत्या बाराशे! पण गणतीच्या कामावर नव्याने लागलेल्या तुळसा गवळणीने लिहून आणलं, "तळवडे, म्हशी शून्य."

दिवाण भर दरबारात कडाडले, "काय गं, दरसाल शंभर म्हशी वाढल्याची आमच्याकडे नोंद आहे! तू गावात गेलीस, की घरी झोपा काढल्यास?"

"गेले होते की, होडीतून," म्हणत तुळसाने टोपलीतला मासा राजापुढे ठेवला. "हा तिथल्या चावडीवर पकडला. आठ वर्षांपूर्वी धरण बांधलं, तेव्हाच गाव पाण्याखाली गेलं, महाराज."

राजाच्या पायाखालची जमीनच सरकली. बुडालेल्या गावाच्या भरवशावर आपण शब्द देऊन बसलो!

दिवाण चाचरले, "म्हशी... पाण्यात बसतातच की."

"बसतात ना," तुळसा म्हणाली. "पण आठ वर्षं बसून वर दरसाल शंभर रेडकं देत नाहीत. पुढची गणती तुम्हीच जातीने करा, दिवाणजी. फक्त दफ्तर इथंच ठेवून जा, भिजेल."