पिवळ्या घोड्याचे कोरे कान

पूर्वी वेत्रवती नगरीत सुयाम राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व लाकूड कातणारा कातारी होऊन जन्मला. त्याचे नाव सोणक. तो लाकूड फिरवणाऱ्या चरकावर खेळण्यातले घोडे घडवी आणि त्यांना लाखेचा रंग देई. त्या नगरीचा पिवळा रंग दूरदेशी नावाजलेला होता. त्याची कृती फक्त कातारी-संघाला ठाऊक असे. संघात येणारा माणूस ती बाहेर न सांगण्याची शपथ घेताना आपली पटाशी प्रमुखाच्या हाती ठेवी. ती लगेच परत मिळे. पण शपथ मोडली, तर प्रमुख सर्वांदेखत ती पटाशी मोडी आणि त्या माणसाला पुन्हा चरकाला हात लावता येत नसे.

वर्षातला पहिला घोडा शेजारच्या तान्ह्या मुलाला द्यायचा, अशी त्यांची रीत होती. त्या वर्षी सोणकाने तो शेजारी राहणाऱ्या उज्जयच्या तान्ह्या भावाला दिला. चार महिन्यांत ते मूल गेले.

सोणक भेटायला गेला, तेव्हा उज्जय घोडा मांडीवर घेऊन बसला होता.

"दात येत होते त्याला," तो म्हणाला. "दिवसभर हाच चावायचा."

सोणकाने घोडा हातात घेतला. सगळा पिवळा, फक्त दोन्ही कान कोरे लाकूड. मग कानांवरचा रंग गेला कुठे?

हा प्रश्न त्याला घरात बसू देईना. तो दारोदार फिरला. लाल घोडे चावणारी मुले अंगणात खेळत होती. पिवळे चावणारी चार मुले अंथरुणाला खिळली होती. पिवळ्या रंगात हरताळ हे खनिज असे आणि हरताळ म्हणजे विष.

तो संघप्रमुख पालिताकडे गेला.

"घोडा खेळायला दिलाय, जेवायला नाही," पालित म्हणाला. "तू आपलं घोड्याचे कान लहान कर म्हणजे झालं."

सोणक तीनदा गेला. चौथ्यांदा तो राजवैद्याकडे गेला.

सोणकाने शपथ मोडली, अशी पालिताने राजापुढे फिर्याद केली. राजाला नवल वाटले. त्याने सोणकाला बोलावून विचारले, "नेमकं काय सांगितलंस तू?"

"पिवळ्यात हरताळ आहे, एवढंच, महाराज."

"आणि वैद्यांनाच का?"

"घोडे घराघरांतून काढून घ्यायला तेच सांगू शकतात."

"रंग इतका चकाकतो कसा, तेही सांग. पालिताच्या जागी तुला बसवतो."

"ते विचारू नका. त्याने कुणाचं मूल आजारी पडत नाही. ते संघाचं गुपित आहे."

मग सोणकाने पटाशी पालितापुढे ठेवली. "शब्द मी मोडलाय, दादा. रीत असेल ते करा."

पालिताने पटाशी उचलली. तेवढ्यात दरबारात आलेल्या उज्जयने पुढे येऊन तिच्या जागी तो घोडा ठेवला. पालिताने त्या कोऱ्या कानांवरून बोट फिरवले. मग त्याने पटाशी सोणकाच्या हातात परत दिली.

"पिवळा बंद," तो म्हणाला.

राजाने निवाडा दिला, "जे झाकल्याने मुले मरतात, ते झाकण्याची शपथ कुणाला बांधत नाही. बाकीची बांधते."

ही कथा सांगून शास्ते, म्हणजे बुद्ध, भिक्खूंना म्हणाले, "तेव्हाचा राजा म्हणजे सारिपुत्त, राजवैद्य म्हणजे आनंद आणि सोणक म्हणजे मीच. परवा भाऊ गेल्यापासून जो भिक्खू जेवलेला नाही, तोच तेव्हाचा उज्जय. त्याला माझ्याजवळ बसू द्या."

सोणकाने त्या जन्मी पूर्ण केली ती सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता.